सुगलाबाईची मापांची वही

या जूनमध्ये नातीचा शाळेचा ड्रेस नव्या टेलरकडे टाकला. तो म्हणाला, जुना ड्रेस पाठवून द्या, त्यावरून कापतो. मी म्हटलं, पोरगी आणली आहे ना समोर. तो म्हणाला, पोरगी कशाला, ड्रेस पुरे. मी कापड उचललं आणि घरी आले. सुगलाबाईने हे ऐकलं असतं तर त्याच्या मशीनचा पट्टा काढून घेतला असता.

सुगलाबाई आमच्या उमरीची टेलरीण. ती माणसाला चेहऱ्याने ओळखत नसे, मापाने ओळखे. बाजारात कुणी राम राम केला की आधी खांद्याकडे बघायची, मग कमरेकडे, मग म्हणायची, "हां, तुम्ही हाव का." आमच्या गल्लीतले एक गुरुजी वारले तेव्हा मी तिला सांगायला गेले. त्यांचा नेहरू शर्ट तीच शिवायची. तोंडात टाचण्या धरून ती ब्लाउजला बाही लावत होती. मी नाव सांगितलं, तिला कळेना. घर सांगितलं, तरी कळेना. मग म्हटलं, ते गं, उंच, पोट पुढं. तिने टाचण्या तोंडातून काढल्या.

"अय्यो, बेचाळीस गेला?"

आणि मग रडली सुद्धा.

अंगाने किरकोळ बाई. कपाळाला इभूत, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि डबीवर टेप. डबी लिंगायताच्या गळ्यात असतेच. टेप मात्र ती जेवताना सुद्धा काढत नसे. माहेर उदगीरकडचं. नवरा टेलर होता, तो गेल्यावर त्याच्याच मशीनवर बसली. आमच्याशी मराठी बोलायची, टेपशी कानडी. माप घेताना तोंडातल्या तोंडात कानडी आकडे मोजायची. इतकी वर्षं शेजार, पण मला कानडी आली नाही. वीस म्हणजे इप्पत्तु, एवढं एकच आलं. ते का आलं तेच सांगायचं आहे.

तिच्याकडे एक लांब वही होती. घरटी एक पान, माणशी एक ओळ. दर खेपेला नवं माप, जुन्याच्या पुढे. मागच्या मापावरून शिवणं तिला माहीतच नव्हतं. कुणी म्हणालं, अगं मागच्या महिन्यात तर घेतलंस, की म्हणायची, "मागच्या महिन्यापासून जेवली न्हाईस का?" बायका वैतागायच्या, पण उभ्या राहायच्या. सोमवारी ती कापडाला कात्री लावत नसे, तेव्हा वही चाळत बसायची. दुसऱ्या बायका पोथी वाचतात तशी.

त्या वहीमुळे तिला नको ते कळायचं. किराणा दुकानदाराला एकदा म्हणाली, "तुमचा घेर तीन बोटं उतरला, रक्तातली साखर बघून या." तो भांडून गेला आणि आठ दिवसांनी गोळ्यांची पिशवी घेऊन आला. पण एकदा बँकेतल्या साहेबाच्या बायकोला ब्लाउज सैल करताना म्हणाली, कितवा महिना? कुठलाच महिना नव्हता. बाई नुसती सुखात होती. तिने वर्षभर सुगलाबाईचं तोंड बघितलं नाही. त्यामुळे सुगलाबाई काही बोलली की गावात निम्मे लोक घाबरायचे आणि निम्मे हसायचे. मी हसणाऱ्यांत होते.

आता माझ्या नातीचं. प्रांजल. तिसरीत असल्यापासून तिचं पोट दुखायचं. जेवायला बसली की चार घासांत उठायची आणि संडासाकडे जायची. महिन्यातून दोनदा तोंड यायचं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. मी म्हणायचे, कुरकुऱ्याचे चोचले आहेत, भाकरी नको म्हणून नाटकं. सून वंदना दृष्ट काढायची. गावातल्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं, शाळेने पण जंताची गोळी दिली, आणि मी माझ्या मनाने वावडिंग दिलं. एवढ्यात हत्तीच्या पोटातले जंत मेले असते. पोट दुखायचं ते दुखतच राहिलं. पोरगी किडमिडी दिसायची, पण वंदना स्वतः साडेचार फूट. आईवर गेली, असं मी सगळ्यांना सांगायचे. मला ते कारण सोयीचंही होतं.

पाचवीच्या जूनमध्ये सुगलाबाईने नवा ड्रेस शिवून पाठवला. मी सहज म्हणून मागच्या सालचा स्कर्ट त्यावर ठेवला. काठाला काठ लागला. त्याच्या आधीच्या सालचा काढला, तोही तेवढाच. माझं डोकं फिरलं. बाई म्हातारी झाली, डोळे गेले आणि आता जुनी मापं उतरवून काढते, असं मला वाटलं. तिन्ही स्कर्ट बगलेत मारले आणि तिच्या दारात गेले. दोन बायका पिको-फॉलसाठी बसल्या होत्या. बरंच झालं म्हटलं, साक्षीदार आहेत.

"सुगलाबाई, मागच्या सालचं माप बघून शिवलंस. लाज वाटू दे जरा."

तिने मशीन थांबवली. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून ती मला अक्का म्हणायची.

"अक्का, शिवी द्या. पण असं बोलू नका."

"मग स्कर्ट तेवढाच कसा?"

"पोरगी तेवढीच हाय."

"दोन सालांत पोरगी तेवढीच राहती का?"

"तेच तर मी चार दिसांपासून इचारून राहिले, सोताला."

तिने वही काढली, आमचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मी चौथी शिकले आहे, आकडे वाचता येतात. स्कर्टची उंची वीस. त्यापुढे वीस. त्यापुढे पुन्हा वीस. छातीचा आकडा तर अर्ध्या इंचाने उतरला होता.

"आधी मला वाटलं टेप ताणली," ती म्हणाली. "कापडाची टेप जुनी झाली की ताणती. म्हणून कापडवाल्याच्या दुकानात जाऊन लोखंडी गजाला लावून बघितली. तो हसला मला. टेप बरोबर. तरी नवी आणली. पोरीला पुन्हा बोलावली, पुन्हा मापली. इप्पत्तु. म्हणून तर ड्रेसला उशीर झाला."

मग तिने मागच्या सालच्या स्कर्टची खालची दुमड उलटी करून दाखवली. तीन इंच कापड आत सोडलं होतं, पोर वाढेल तसं उसवायला. टीप जशीच्या तशी होती.

मी म्हटलं, "आईवर गेली ती. आई बुटकी आहे."

"तुमच्या सुनंचं माप हाय की माझ्याकडं. बुटक्या बाईचं लेकरू बी वाढतंय. हळू वाढतंय. थांबत न्हाई." मग जरा आवाज खाली करून म्हणाली, "जूनमधी माझ्याकडं बारकी येतात, जाडी येतात. लांबडी येतात, बुटकी येतात. पण सालभर जिथल्या तिथं उभं राहिलेलं पोरगं येत न्हाई, अक्का. आनि कमरंला टेप लावली की ती उजव्या बाजूला आखडती. तिथं दुखतंय तिला."

पिकोवाल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी स्कर्ट उचलून घरी आले.

मुलाला सांगितलं. बालाजी म्हणाला, "टेलरीण डॉक्टर झाली का आता? बँकेतल्या बाईचं विसरलीस वाटतं." पण सकाळी मी प्रांजलला एकटीला न्हाणीपाशी उभी केली आणि सरळ विचारलं. संडासला किती वेळा जातेस, काय होतं, सांग. तिने जमिनीकडे बघत सांगितलं की पाच-सहा वेळा, आणि कधी कधी रक्त पडतं. आईला का नाही सांगितलं? आई रडेल म्हणून. मला का नाही सांगितलं? तुम्ही ओरडाल म्हणून. मी ओरडलेच असते. त्याबाबतीत पोरीचा अंदाज बरोबर होता.

नांदेडला नेली. तिथल्या डॉक्टरने वजन केलं, रक्त तपासलं. रक्त कमी निघालं. सोनोग्राफीत आतडं सुजलेलं दिसलं. ते म्हणाले, आतड्याचा क्षय असेल, आपल्याकडे तोच जास्त असतो, औषध सुरू करू. आम्ही चिठ्ठी घेऊन आलो. सुगलाबाई ओट्यावर वाटच बघत होती.

"उंची मापली का त्यांनी?"

"वजन केलं."

"उंची, अक्का."

"नाही."

"मग बघितलं काय त्यांनी?"

तिची भाची लातूरला एका दवाखान्यात आयाचं काम करायची. तिच्याकडून सुगलाबाईने काढलं की लातुरात फक्त पोरांच्या पोटाचा एक डॉक्टर आहे. औषध सुरू करायच्या आधी एकदा त्याला दाखवा, असा तिने धोशा लावला. बालाजी नाही म्हणाला. ती रोज सकाळी येऊन ओट्यावर बसायला लागली, वही मांडीवर घेऊन. सहाव्या दिवशी तो हो म्हणाला. मग म्हणाली, "मी बी येते. वही माझ्याबिगर कुणाला कळायची न्हाई." ते खरं होतं. निम्मी अक्षरं कानडी, निम्मी तिची तिलाच ठाऊक.

तर आम्ही निघालो. बालाजी, वंदना, पोरगी, मी आणि सुगलाबाई. भाचीने सांगून ठेवलं होतं की संडासचा नमुना सोबत आणा. वंदनाने ती डबी तीन रुमालांत गुंडाळली आणि कुणाच्या हातात द्यायची म्हणून बावरली. सुगलाबाईने घेतली आणि आपल्या पिशवीत, बटणांच्या डब्याशेजारी ठेवली. नांदेडहून लातूरच्या गाडीत शेजारच्या बाईने रुमालांकडे बघून विचारलं, "लोणचं का मावशी?"

"न्हाई. ह्या पोरीची संडास हाय. डॉक्टरला दाखवायला चाललो."

ती बाई अहमदपूरपर्यंत उभी राहिली. आम्हाला पाय पसरायला जागा झाली.

डॉक्टर तरुण होता. आधी त्याने काहीच तपासलं नाही, नुसतं विचारत बसला. पोट कुठे दुखतं, झोपेतून उठून जावं लागतं का, रक्त, ताप, गुडघे दुखतात का, तोंड येतं का, घरात कुणाला खोकला-क्षय होता का. मग म्हणाला, "उंची वाढायची कधी थांबली?"

वंदनाने शाळेचं आरोग्याचं कार्ड काढून दिलं. त्यावर तिसरीला एकशे वीस, चौथीला एकशे पंचवीस, पाचवीला एकशे तीस सेंटीमीटर. पोरगी छान वाढत होती. डॉक्टरने तिला भिंतीला उभी केली. एकशे एकवीस.

तो कार्डाकडे बघतो, भिंतीकडे बघतो.

सुगलाबाई म्हणाली, "गुरुजी मापत न्हाईत डॉक्टरसाहेब. गुरुजी लिहितात."

आणि वही पुढे केली. तिने बोट ठेवून ओळ वाचून दाखवली. उंची, छाती, कंबर, प्रत्येक खेपेचा महिना. डॉक्टरने दोनदा वाचायला लावली आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. म्हणाला, "मावशी, मोठमोठ्या दवाखान्यांच्या फायली येतात माझ्याकडे. त्यांत हे नसतं."

"त्यांना टेप पाठवा," सुगलाबाई म्हणाली.

मग पडद्यामागे नेऊन त्याने पोरीला तपासली. तोंडातून सुरुवात केली, पोट दाबलं, आणि शेवटी बसायच्या जागेवरही बघितलं. तिथे त्याला चीर आणि कातडीचे कोंब सापडले. सुगलाबाई पडद्याच्या अलीकडून मला म्हणाली, "दोन सालं सगळे जीभच बघून राहिले. दुसऱ्या टोकाला हा पहिला गेला." डॉक्टरने ऐकलं. आतून हसल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन त्याने आम्हाला समजेल असं सांगितलं. आतड्याचा क्षय असेल किंवा दुसरा एक आजार असेल. त्यात शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडतं आणि तोंडापासून खालपर्यंत कुठेही जखमा होतात. पोरांमध्ये त्याची खूण नेहमी जुलाबच असते असं नाही. कधी पोरगं नुसतं वाढायचं थांबतं आणि घरचे म्हणतात, आईवर गेलंय. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता, पण मी दुसरीकडे बघितलं. दोन्ही आजार सारखेच दिसतात, तो म्हणाला. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुकसान. म्हणून अंदाजाने काही द्यायचं नाही. संडासच्या तपासणीत आतली सूज कळेल. मग भूल देऊन दुर्बीण घालू, आतून बघू, तुकडे काढून तपासायला पाठवू.

भाचीच्या खोलीवर मुक्काम पडला. संडासच्या तपासणीत सुजेचा आकडा फार चढा आला. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोरीला पोट साफ करायचं औषध प्यायला दिलं, तेव्हा खोलीतला एकुलता एक संडास तिच्या नावावर झाला. बालाजी आंघोळीला एसटी स्टँडवर जाऊन आला.

दुर्बिणीच्या वेळी आम्ही बाहेर बाकावर होतो. वंदना डोळे मिटून पुटपुटत होती. सुगलाबाईला बसवेना. तिने दारावरचा पडदा मापला आणि नर्सला सांगितलं की हा चार बोटं आखूड आहे, कुणी शिवला? नर्स म्हणाली, मावशी, बाजूला सरा. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली. टेप बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"अक्का, एक सांगू का? माझं चुकलं असलं तर बरं होईल. बँकेच्या बाईवानी."

"मलाही तेच वाटतं. गप बस."

तिने टेप पुन्हा बोटाला गुंडाळली.

डॉक्टर बाहेर आला. आतड्यात जखमा आहेत म्हणाला. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे जास्त, उजव्या बाजूला. तुकड्यांचा अहवाल यायला काही दिवस लागले. क्षय नव्हता. दुसराच आजार होता, क्रोन्स नावाचा. डॉक्टर म्हणाला, हा मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. तुम्ही आणखी उशीर केला असता तर आतडं आखडलं असतं आणि वाढायचं वय निघून गेलं असतं. वंदना रडली. बालाजीने सुगलाबाईची पिशवी उचलून आपल्या खांद्याला अडकवली.

सुगलाबाईने एकच विचारलं. "आता वाढंल का?"

"सूज उतरली तर वाढेल. मला लगेच कळणार नाही. तुम्ही वही चालू ठेवा."

झालं. उमरीत उतरल्यापासून बाईशी बोलायची सोय राहिली नाही. लातूरच्या डॉक्टरने मला वही चालू ठेवायला सांगितलं आहे, हे तिने कापडवाल्याला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, बँकेतल्या बाईलाही थांबवून सांगितलं. गावातल्या बायका पोरं घेऊन मापायला यायला लागल्या. तिने दोघांना डॉक्टरकडे पाठवलं. त्यांतल्या एकाला काही झालेलं नव्हतं. त्याची आई अजून तिच्या नावाने बोटं मोडते.

प्रांजलला आठ आठवडे जेवण बंद होतं. डब्यातली पावडर पाण्यात कालवून तेवढंच प्यायचं. आतड्याला त्याने आराम पडतो म्हणे. त्यातच महालक्ष्म्यांचा सण आला. घरात पुरणाचा वास आणि पोरगी पेला धरून बसलेली. त्या दिवशी सुगलाबाईही आमच्याकडे जेवली नाही. माझं पोट बिघडलं म्हणाली. खोटं होतं. दुपारी तिच्या घरी मी शेंगदाण्याची टरफलं बघितली.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती येऊन पोरीला मापायची. वजन वाढायला लागलं होतं, रक्त पडायचं थांबलं होतं, तोंड येत नव्हतं. पण टेप तिथेच. पहिल्या महिन्यात इप्पत्तु. दुसऱ्या महिन्यात इप्पत्तु. तिसऱ्या महिन्यात मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले, इप्पत्तु. ती वहीत लिहायची आणि चहा न घेता जायची. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. टेपवरचे आकडे दिसेनात. मग ती बोटाने चाचपून माप सांगायची, पण वहीत लिहायची नाही. माझा विश्वास होता, तिचाच नव्हता.

शेवटी भाची तिला लातूरला न्यायला आली. डोळे करून घ्यायचे आणि तिथेच राहायचं. मशीन विकली नाही, एका पोत्यात बांधली. आम्ही सकाळच्या गाडीला स्टेशनवर पोचवायला गेलो. प्रांजल शाळेच्या ड्रेसमध्येच आली होती. गाडी लेट होती. सुगलाबाई पोत्यावर बसली होती, एकदम उठली, गळ्यातली टेप काढली आणि फलाटावर चार लोकांसमोर पोरीच्या कमरेला लावून खाली सोडली. आकड्यावर नख ठेवलं आणि टेप भाचीच्या डोळ्यांपुढे धरली. भाचीने बघून तिच्या कानात सांगितलं. सुगलाबाईने पुन्हा लावली, पुन्हा नख ठेवलं, पुन्हा दाखवली.

"इप्पत्तोंदूवरे," सुगलाबाई म्हणाली.

हा आकडा मी कधी ऐकला नव्हता. मी विचारलं, "म्हणजे किती?"

तिने पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली, आणि अंदाजाने ओळ धरून लिहिलं. मी वाचलं. साडेएकवीस. मी म्हटलं, वही पोरीला देऊन टाक, आठवण राहील. ती म्हणाली, "का म्हणून? गावाची मापं हायेत त्यात." आणि पिशवीत टाकली.

नंतर ती लातूरलाच वारली. वही कुठे गेली ते भाचीला सांगता येत नाही.

तर त्या सकाळी शेवटी गाडी आली. आम्ही पोतं चढवलं, तिला खिडकीपाशी बसवली. गाडी हलायच्या आधी तिने मला बोटाने जवळ बोलावलं.

"अक्का, दुमड तीन इंच ठिवली हाय. दीड उसवा. सगळी उसवू नका, अजून लागंल."

मग गाडी निघाली आणि ती समोर बसलेल्या माणसाच्या खांद्याकडे बघायला लागली.